मागचं डावं चाक

गाडी अडली ती तंजावरच्या मेल वीधीतून बाजाराच्या गल्लीत वळताना. वेग जवळजवळ नव्हताच. अनिरुद्धरावांनी स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं होतं आणि फुलवालीची टोपली चुकवत ते गाडी हळूहळू आत घेत होते. तेवढ्यात खालून कुणीतरी पकडून ठेवावं तशी ती थबकली, तळातून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि मग बारीक हिसके देत ती सुटली. धक्का किरकोळ होता. त्याचं त्यांना काही वाटलंही नसतं. पण शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, वरलक्ष्मीनं, दारावरची मूठ धक्का बसण्याच्या आधीच धरली होती. हे त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. धक्का बसल्यावर माणूस हाताला येईल ते धरतो, ते वेगळं. हिनं वळण येताच मूठ धरली, धक्का येऊ दिला, आणि तो गेल्यावर सोडली. म्हणजे हिला ठाऊक होतं.

"काय झालं की?" वरलक्ष्मीनं विचारलं.

"गाडी अडली. तू चालवताना असं झालं की कधी?"

"नाहीं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. "आत्ताच पाहत्यें."

अनिरुद्धराव गप्प बसले. गप्प बसणं हा त्यांचा धंदाच होता. निवृत्त होईपर्यंत ते मोटारींच्या विम्याचे सर्व्हेयर होते. अपघात झाला की गाडी बघायची, मालकाचं ऐकायचं, आणि दोहोंपैकी खोटं कोण बोलतंय ते ठरवायचं. गाडी खोटं बोलत नाही हे त्यांना नोकरीला लागल्या लागल्या कळलं होतं, तेव्हा उरला मालक. त्याला आधी प्रश्न विचारायचा नाही हा त्यांचा नियम. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो. आधी गाडीभोवती फिरायचं, वाकायचं, बोटानं माती काढून बघायची, आणि सगळं कळल्यावर, उत्तर खिशात असताना, सहज विचारावं तसं विचारायचं. अशा वेळी समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होई. त्यांना तो चेहरा आवडायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याहून आवडायचं ते त्या आधीचं. मालक हात जोडून समोर उभा, मेकॅनिक पाना घेऊन बाजूला, आणि अनिरुद्धराव चेपलेल्या पत्र्यावर हात फिरवत घरी फोन लावायचे, मराठीत. "हा मनुष अस्की, सगळी लबाडी सांगतोय. मागून हातोडा मारून पत्रा चेपलाय. तोंड पाहिलंस तर कळेल, चोराचं तोंड आहे." पलीकडून वरलक्ष्मी हं, हं म्हणायची, कधी हसायची, कधी "हळू बोला की" म्हणायची. हळू कशाला बोलायचं? समोरचा माणूस तसाच हात जोडून नम्रपणे हसत राहायचा.

ही रीत त्यांच्या घरात लहानपणापासूनची. भोसल्यांच्या राज्यात कोण्या पूर्वजानं तंजावर गाठलं, राज्य गेलं, वतन गेलं, राहिली ती भाषा, तीही फक्त तोंडात आणि कानात. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. पण भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, देवळातल्या रांगेत, भाड्याचं घर पाहायला गेल्यावर घरमालकासमोरसुद्धा जे बोलायचं ते मराठीत, आणि ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं त्याच्याशी तमिळ. तमिळ सगळ्यांसाठी होती. मराठी ही आतली खोली. मुलगी विनुता टोरांटोला गेली, तिला मराठी समजायची पण उत्तर यायचं इंग्रजीत. तेव्हा त्या खोलीत आता दोघंच होती. खरं सांगायचं तर त्यांच्या संसारातलं सगळ्यात गोड बोलणं म्हणजे ते फोन. शब्द परक्यांच्या लबाडीचे असतील, पण जगाच्या डोळ्यांदेखत दोघंच एकमेकांशी बोलताहेत यात जी जवळीक होती ती त्यांना दुसरीकडे कुठं साधली नाही.

अलीकडे वरलक्ष्मी बोलेनाशी झाली होती. भांडण नव्हतं. विचारलं तर उत्तर यायचं, जेवायला हाक यायची, पण आपण होऊन ती काही सांगत नसे. पूर्वी दळणाच्या गिरणीतून आली तरी गिरणीतला सगळा वृत्तांत कानावर पडायचा. आता ती गुरुवारी सकाळी गाडी घेऊन पापनाशमला तिच्या मामेबहिणीकडे, शेषम्माकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची. शेषम्मा कशी आहे विचारलं तर "बरी आहे" एवढंच. अनिरुद्धरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी तीच चालवत होती. गाडी घेतली होती त्यांनी, निवृत्तीनंतर, जुनी पण चांगली, चारी चाकांना ओढ असलेली. "हे कशाला?" वरलक्ष्मी तेव्हा हसली होती. "आमच्याकडे डोंगर कुठं आहे? भाताचं शेत ते पण ताटासारखं सपाट." तेव्हा ती हसायची. आज डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून ते पुन्हा स्टिअरिंगवर बसले, नाहीतर तो हात त्यांना दिसलाच नसता.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी गायत्रीकडे कोळकट्टै, म्हणजे उकडीचे मोदक, करायला गेली तेव्हा अनिरुद्धराव खाली पार्किंगमध्ये उतरले. स्वयंपाकघरातून त्यांनी फुलं ओवायचा दोरा घेतला होता आणि रांगोळीची, कोलमची पांढरी पूड. प्रत्येक टायरला त्यांनी दोरा गुंडाळला, जुळला तिथं पुडीची खूण केली. तीन चाकांच्या खुणा एकावर एक आल्या. मागच्या डाव्या चाकाला दोरा पुरला नाही. बोटाच्या पेराएवढा कमी पडला. ते गुडघ्यावर तसेच बसून राहिले. तीन टायर झिजलेले, चौथा नवा, खाचा खोल, कडेचे रबरी केससुद्धा अजून पुरते गेले नव्हते. आणि ह्या टायरबद्दल घरात कुणी एक अक्षर काढलेलं नव्हतं.

आजार काय आहे हे त्यांना तिथंच कळलं. असल्या गाडीत इंजिनाची ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. ती सारखी लक्ष ठेवून असते. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं फिरलं की तिला वाटतं ते घसरलं, आणि ती आतल्या चकत्या आवळून सगळ्यांना एकत्र बांधते. चिखलात, वाळूत हे फार चांगलं. पण एक टायर नवा, म्हणून जरासा मोठा असला, तर तो कोरड्या, सरळ रस्त्यावरसुद्धा वेगळाच फिरणार. काही घसरलेलं नसतं. पेटीला मात्र कायम घसरल्यासारखं वाटत राहतं, ती आवळत राहते, तापत राहते, वळणावर तर चाकं आपापल्या वाटेनं जाऊच देत नाही, आणि अशी बिनकामाची पकडून पकडून शेवटी स्वतःच जळून जाते. म्हणून ह्या गाडीचे टायर बदलायचे तर चारी बदलायचे. अशा कितीतरी पेट्या त्यांनी उघडून पाहिल्या होत्या, करपलेल्या तेलाचा वास त्यांना दुरून यायचा. हे सगळं त्यांच्या मनात स्वच्छ उभं राहिलं, आणि त्याबरोबर ही गोष्टही की वरलक्ष्मीनं कुठंतरी टायर फोडला, कुणीतरी बदलून दिला, आणि ती ते लपवते आहे.

चाकावरच्या पत्र्याखाली त्यांनी बोट घातलं. माती निघाली ती तांबूस. पापनाशमची माती कावेरीच्या गाळाची, काळसर, ओली असताना बोटाला चिकटणारी. ही भुरभुरीत. ही दक्षिणेकडची, ओरत्तनाडूच्या बाजूची. पापनाशम एका दिशेला, ओरत्तनाडु दुसऱ्या. बोट धोतराला पुसावं की नाही हे त्यांना कळेना. शेषम्माला फोन करणं सोपं होतं. पण फोन केला तर ती खरं सांगून सोडेल, आणि खरं कळल्यावर पुढं काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. मालकाच्या बाबतीत ते ठरलेलं असायचं.

मग ते रोज पाहू लागले. ती चप्पल कुठली घालते, फोन कुठल्या खोलीत घेते, गुरुवारच्या आदल्या दिवशी रव्याचे लाडू का करते, शेषम्माला मधुमेह असताना ते कुणासाठी. डबा रिकामा परत येई. टायर किती झिजला आहे यावरून त्यांनी अंदाज बांधला, साधारण पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या आसपास बसवलेला. आणि ती बोलेनाशी झाली तीही पोंगलपासूनच. टायर आणि अबोला एका वयाचे. हे जुळलं तेव्हा त्यांना जुनी ओळखीची खुशी झाली, क्लेम पकडला की व्हायची तशी, आणि पाठोपाठ त्याचा अर्थही कळला. हिचं कुणीतरी आहे. ह्या वयात हसण्यासारखं वाटेल, पण लोकांच्या किती हसण्यासारख्या गोष्टी त्यांनी खऱ्या ठरलेल्या पाहिल्या होत्या. ती गेली तर आपण कुणाशी बोलायचं? हा विचार त्यांना भर दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या आला आणि त्यांना खरंच भीती वाटली. जेवण, औषध, घर, ह्यातलं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. फक्त हेच आलं, की तिच्यामागं ह्या गावात मराठी बोलायला आपल्याला कुणीच उरणार नाही. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "कॉफी घ्या की," आणि कप त्यांच्यासमोर ठेवून आत गेली. कपाच्या कडेला तिचं बोट किंचित उमटलं होतं, ते त्यांनी कॉफी निवेपर्यंत पाहिलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "गाडी दाखवायला पाहिजे. तूच चालव."

"कुठं?"

"टायर बदललं तिथं."

त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ज्याची त्यांना सवय होती तो चेहरा तिथं आला नाही. ती थोडी थकल्यासारखी दिसली, एवढंच. साडीच्या निऱ्या आवरून ती स्टिअरिंगवर बसली, आणि गेटमधून वळताना गाडी कण्हली तेव्हा तिनं वेग कमी केला, किती कमी करायचा ते तिला नेमकं माहीत होतं. तिनं सरळ दक्षिणेचा, पट्टुक्कोट्टैचा रस्ता धरला. पुदु आरू कालव्याच्या पुलावरून जाताना पाणी भरून वाहत होतं. एका मोपेडवर नवरा-बायको आणि मध्ये केळीचा घड असा संसार चालला होता, बाई नवऱ्याच्या कानाशी काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत होता. काय सांगत असेल एवढं, अनिरुद्धरावांच्या मनात आलं. नारळीच्या बागा लागल्या, मग माती तांबूस झाली. आपण बरोबर होतो. वरलक्ष्मीला एकदाही वाट विचारावी लागली नाही. ओरत्तनाडूत मुक्तांबाळ छत्राच्या, भोसल्यांनी बांधलेल्या धर्मशाळेच्या पुढं, तालुका कचेरीला वळसा घालून, एका पत्र्याच्या वर्कशॉपसमोर तिनं गाडी थांबवली, झाडाची सावली कुठं पडते ते पाहून.

ट्रॅक्टरखालून एक माणूस बाहेर आला. पंचेचाळिशीचा, केस पांढरे व्हायला लागलेले, कपाळावर विभूती आणि त्यावर ग्रीसचा डाग. वरलक्ष्मीकडे पाहून त्यानं मान लववली, मग अनिरुद्धरावांकडे पाहून किंचित थांबला. ते थांबणं त्यांनी टिपलं. नाव वेंकटेश, हे पाटीवर तमिळमध्ये होतं. अनिरुद्धरावांनी तमिळमध्ये विचारलं, हा टायर तुम्हीच बसवला का. तो म्हणाला, हो, अम्मांचा टायर कालव्याच्या दगडानं कडेला फाटला होता, त्याच मापाचा आणून घातला. चारी एकदम बदलायला लागतात हे मला माहीत नव्हतं, माझ्याकडे ट्रॅक्टर येतात, असल्या गाड्या येत नाहीत, चूक माझी. त्यानं हे इतकं सरळ सांगितलं की अनिरुद्धरावांचा संशय दुप्पट झाला. एवढ्या चटकन चूक कबूल करणारा माणूस मोठी गोष्ट झाकत असतो, हा त्यांचा जन्माचा अनुभव. त्यांनी वेंकटेशच्या तोंडावरची नजर न हलवता, चेहऱ्यावर नेहमीचं मऊ हसू ठेवून, वरलक्ष्मीशी मराठीत बोलायला सुरुवात केली.

"हा लबाडी सांगतोय. तोंडावर दिसतंय. टायरचं खरं असेल, बाकी अस्की खोटं."

"इथं नको," वरलक्ष्मी म्हणाली.

"इथंच. ह्याला काय कळतंय? सांग, कुणासाठी येत्येस तू? लाडू कुणाला? शेषम्माचं नाव सांगून दर गुरुवारी इतक्या लांब येत्येस, तेही ह्या असल्या जागी. हाच की तो? ह्या ग्रीसवाल्यासाठी मला सोडून जाणार की?"

बोलताना हसू तसंच तोंडावर राहिलं. वरलक्ष्मीनं डोळे मिटले. वेंकटेश हात पुसत होता. एकेक बोट त्यानं चिंधीनं पुसलं, चिंधी ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवली, आत जाऊन एक स्टूल आणलं आणि सावलीत ठेवलं.

"बैसा अक्का," तो म्हणाला. "उन्हात उभं राहू नका. आई जागी आहे, आवाज ऐकली असेल."

हे तो मराठीत बोलला होता. शब्द थोडे वेगळे, सूर त्यांच्याच घरातला. मागच्या खोलीतून हाक आली, "कोण, वरलक्ष्मी? आज गुरुवार नव्हे की," आणि वरलक्ष्मी स्टूलवर न बसता आत गेली. तिच्या मागं जावं की नाही हे न ठरवताच तेही गेले. खाटेवर एक म्हातारी बाई बसली होती, हिराबाई, वेंकटेशची आई. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, हातात तांदळाचं सूप, निवडणं स्पर्शानं चाललेलं. ह्या मायलेकांच्या कुणा पूर्वजानं छत्रातले घोडे सांभाळले होते, असं नंतर कळलं. घोडे गेले, मग बैलगाड्या, मग ट्रॅक्टर. अनिरुद्धरावांच्या घरात असल्या माणसांची कुणी गणती केली नव्हती. मराठी म्हणजे आपण, वीधीतली चार घरं, असं ते धरून चालले होते.

"हे आलेत," वरलक्ष्मी म्हणाली.

"आलेत की? बैसा." म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "बाहेर बोलत होते ते हेच? आवाज ओळखलें मी. वादळ झालं तेव्हां आलते की, आमची व्हॅन पाहायला. झाड पडलंतं वर. माझा मुलगा हात जोडून उभा, आणि हे फोनवर सांगतात, चोराचं तोंड मणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुणा कुठल्या गावचा ते आठवावं तसं तिनं ते आठवलं. "त्या वेळी मी दारांत होत्यें. मला वाटलं, बरं बोलतो मनुष. किती दिवसांनी कानावर आलं, परक्या तोंडून आपलं बोलणं."

अनिरुद्धरावांनी आठवायचा प्रयत्न केला. वादळानंतर त्यांनी इतक्या गाड्या पाहिल्या होत्या. व्हॅन आठवेना, झाड आठवेना, माणूस तर नाहीच. त्यांना फक्त फोनमधलं वरलक्ष्मीचं हं आठवलं. आणि मग सर्व्हेयरचं डोकं आपण होऊन जोडत गेलं, त्यांना नको असतानाही. पोंगलात ही एकटीच पट्टुक्कोट्टैला एका लग्नाला गेली होती, ते त्यांना आत्ता आठवलं; वाटेत टायर फाटला, ही इथं आली, सावलीत बसून शेषम्माशी फोनवर मराठीत बोलली असेल, ते म्हातारीनं ऐकलं. आत बोलावलं. आणि सांगितलं, निरागसपणे, आत्ता सांगितलं तसंच. त्या फोनच्या एका टोकाला ही होती, ती एवढ्या वर्षांनी दुसऱ्या टोकाला येऊन बसली. त्या दिवसापासून ती घरात बोलत नव्हती. टायर आणि अबोला एका वयाचे होते, ह्यात त्यांची चूक झाली नव्हती.

"मला कां सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं असतं," वरलक्ष्मी म्हणाली. "कुठं, कोण, कां. इथं मला कोण विचारत नाहीं. ती बोलते, मी ऐकत्यें. कधी मी बोलत्यें." तिनं सूप स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि खडे वेचू लागली, ह्या घरातली असल्यासारखी. हिराबाईनं चाचपून तिचा हात धरला आणि परत सोडला.

बाहेर येऊन अनिरुद्धरावांनी वेंकटेशला सांगितलं, गाडी चालवू नका, ट्रान्सफर केसचं तेल काढून बघा, करपलेलं असेल, चारी टायर एका मापाचे हवेत. गाडीबद्दलचा त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता. ते हे सगळं तमिळमध्ये बोलले. मराठीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण आलं ते तमिळ. वेंकटेशनं मराठीत उत्तर दिलं, "बरं, करून सोडतों," आणि बॉनेट उघडलं. क्षमा मागावी असं त्यांना वाटलं. पण कुठल्या भाषेत मागायची ते ठरेना, आणि तेवढ्यात वरलक्ष्मी पिशवी घेऊन बाहेर आली.

ओरत्तनाडूच्या स्टँडवरून त्यांना तंजावरची बस मिळाली. गर्दी होती. वरलक्ष्मीला बायकांच्या बाजूला खिडकी मिळाली, अनिरुद्धराव तिच्या सीटपाशी दांडी धरून उभे राहिले. शाळेतल्या मुली, एक कोंबडी घेतलेला म्हातारा, फुटबोर्डावर कंडक्टर. बस वळली की सगळी माणसं एकदम एका बाजूला कलत होती आणि परत सरळ होत होती, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. अनिरुद्धरावांनी खाली पाहिलं. तिच्या भांगाशी पांढरे केस दिसत होते, इतक्या जवळून त्यांनी ते पूर्वी पाहिले नव्हते. काहीतरी बोलायला हवं होतं. ते वाकले, आवाज अगदी लहान केला, आणि आतल्या खोलीतल्या भाषेत विचारलं, "गुरुवारी येत्येस की परत?"

विचारल्यावर त्यांना कळलं की हाही प्रश्नच होता.

वरलक्ष्मीनं मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं, नीट, रागावल्याशिवाय. मग शेजारच्या बाईला किंवा औषधाच्या दुकानात बोलावं तशा स्वच्छ, आदराच्या तमिळमध्ये ती म्हणाली, "वरुवेन. नींग पिन्नाडी पोय उक्कारुंग." येणार आहे. तुम्ही मागं जाऊन बसा.

मागं खरंच एक जागा रिकामी झाली होती. कोंबडीवाला म्हातारा सरकला, एका मुलीनं दप्तर बाजूला घेऊन वाट दिली, कंडक्टरनंही हातानं तिकडे दाखवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, चारचौघांत तिनं त्यांना जे सांगितलं ते बसमधल्या सगळ्यांना समजलं होतं.